नवजात बाळांमधील सिकलसेलचा अभ्यास कसा उभारावा

विदर्भात किंवा नंदुरबारच्या पट्ट्यात बालरोगशास्त्रात एमडी करणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विषय म्हणून कधी ना कधी येतोच, आणि प्रबंधाची वेळ आली की शीर्षकही बहुधा ठरलेल्या साच्यातून निघते: अमुक तालुक्यातील अमुक वयोगटात सिकलसेलचे प्रमाण किती. शिबिर भरते, बोटातून रक्त घेतले जाते, टक्केवारी निघते आणि प्रबंधाची कापडी बांधणी होते. भारतात हा आजार 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदवला गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपुरातूनही नोंद झाली. म्हणजे आपल्याकडे तो आहे की नाही, हा प्रश्न सुटून सहा दशकांहून अधिक काळ झाला. आज नवीन काम सुरू करणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जी बाळे हा आजार घेऊन जन्माला येतात, त्यांपैकी किती बाळे दोन वर्षांची होतात, आणि मधल्या काळात त्यांना काय मिळाले. पुढचे सर्व मार्गदर्शन या एका प्रश्नासाठी आहे.

या प्रश्नाला नवजात वयापासूनच का धरावे लागते, हे आधी नीट समजून घ्यावे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसते (अशा हिमोग्लोबिनला ‘एस’ आणि नेहमीच्याला ‘ए’ म्हणतात) आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. परंतु जन्मतः बाळाच्या रक्तात मुख्यत्वे गर्भातले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ असते आणि ते पेशीला वाकू देत नाही. ते पहिल्या काही महिन्यांत ओसरत जाते, त्यामुळे साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बाळ गुटगुटीत दिसते, आणि मग हातापायांची सूज, जंतुसंसर्ग किंवा पाणथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साठणे यांपैकी काहीतरी होऊन ते दवाखान्यात येते, किंवा येण्याआधीच जाते. शाळेत शिबिर घेणाऱ्याला फक्त जगलेली मुले भेटतात. पहिल्या दोन वर्षांत दगावलेली मुले त्याच्या टक्केवारीत कुठेच नसतात, आणि आपल्याला शोधायची आहेत ती नेमकी तीच.

या कामाचा उत्तम नमुना जमैकातला आहे. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या मुख्य प्रसूतिगृहात 1973 पासून 1981 पर्यंत जन्मलेल्या सलग एक लाख बाळांची तपासणी केली, आजारी निघालेली बाळे आणि त्यांच्याच बरोबर जन्मलेली काही निरोगी बाळे निवडली, आणि त्यांची वर्षानुवर्षे सोबत केली. या अभ्यासाचे मर्म ‘सलग’ या शब्दात आहे. सोयीची बाळे निवडायची नाहीत, रविवारची आणि रात्री दोनची बाळेही सोडायची नाहीत. आपला अभ्यास एका ग्रामीण रुग्णालयापुरता असला तरी हा नियम जसाच्या तसा पाळावा.

आधी गणित

किती बाळे तपासावी लागतील याचा अंदाज कागदावर काढल्याशिवाय एकही टाच टोचू नये. समजा, आपल्या भागात वाहकांचे, म्हणजे एकाच पालकाकडून एस जनुक आलेल्या, लोक ज्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात त्यांचे प्रमाण 15 टक्के आहे. मग दर 100 जोडप्यांत दोघेही वाहक असलेली जोडपी 2.25 निघतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे दोघांकडूनही एस जनुक आलेले आणि आजारी, असण्याची शक्यता 25 टक्के असल्यामुळे 1000 जन्मांमागे पाच ते सहा बाळे अपेक्षित धरावीत. लग्ने समाजातल्या समाजात होत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा जास्त येऊ शकतो. म्हणजे 2000 बाळंतपणांतून आपल्या हाती साधारण अकरा-बारा बाळे लागतील. हा आकडा पाहून निराश होणाऱ्याला मी सांगतो की अकरा बाळांची दोन वर्षांची चोख नोंद ही अकरा हजार लोकांच्या एका दिवसाच्या नोंदीपेक्षा जास्त शिकवते.

खर्च वाचवण्याची एक मान्य वाट आहे. गरोदर आईची तपासणी आधी करायची आणि ती वाहक किंवा आजारी निघाली तरच तिचे बाळ तपासायचे, कारण एसएस बाळाला एक एस जनुक आईकडूनच आलेले असते. मात्र या वाटेवर दोन खड्डे आहेत. आई बीटा थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराची, वाहक आणि वडील सिकलसेलचे वाहक असतील, तर बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो आणि ते बाळ आपल्या जाळ्यातून निसटते. दुसरे म्हणजे, गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताने द्रावण गढूळ होते का, हे पाहणारी) खूप कमी हिमोग्लोबिन असलेल्या बाईत चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडच्या गरोदर बायकांत रक्ताची कमतरता किती, हे कोणत्याही सिस्टरला विचारावे. म्हणून ही वाट धरलीच तर आईची तपासणी एचपीएलसीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, करावी आणि जे निसटणार आहे ते प्रबंधात स्पष्ट लिहावे.

वेळेचेही गणित असते. एमडीच्या तीन वर्षांत प्रबंध अंतिम परीक्षेच्या काही महिने आधी सादर करावा लागतो, आचारसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि सामानाची जुळवाजुळव यांत सुरुवातीचे महिने जातात, त्यामुळे दोन वर्षांचा पाठपुरावा एका निवासी डॉक्टरच्या मुदतीत बसत नाही. यावर उपाय असा की विभागाने हा अभ्यास सलग चालणारा ठेवावा आणि एकाने नोंदवलेली बाळे पुढच्याने सांभाळावीत. मार्गदर्शकाला हे पहिल्याच दिवशी मान्य करायला लावावे.

टाचेवरचा थेंब

नवजात बाळाचे रक्त सोल्युबिलिटी चाचणीला लावू नये. त्या चाचणीत सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात रक्त टाकून नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात की नाही हे पाहतात. बाळाच्या रक्तात एस इतका कमी असतो की द्रावण गढूळच होत नाही आणि आजारी बाळ निरोगी ठरते. शिवाय ही चाचणी मोठ्या माणसातही वाहक आणि आजारी यांत फरक करत नाही. म्हणून टाचेचे रक्त गाळणकागदावर घेऊन ते एचपीएलसी किंवा तत्सम यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेचा या विषयात मोठा अनुभव आहे, आणि चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी केंद्र सरकारचे संशोधन केंद्र आहे; आपल्या प्रयोगशाळेचे निकाल पडताळून घेण्यासाठी अशा ठिकाणी आधीच पत्रव्यवहार करून ठेवावा.

रक्त घेण्याची कृती ज्याने स्वतःच्या हाताने शंभर वेळा केलेली नाही, त्याने ती सिस्टरला शिकवू नये. बाळाची टाच कोमट ओल्या कापडाने दोन-तीन मिनिटे शेकावी. टाचेच्या मधोमध कधीही न टोचता आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचावे. पहिला थेंब पुसून टाकावा आणि दुसरा थेंब पुरता भरेपर्यंत थांबावे. मग कागद थेंबाला एकदाच टेकवावा, म्हणजे रक्त आपोआप शोषले जाऊन छापील वर्तुळ भरते. कागद उलटून पाहावा; मागच्या बाजूलाही तेवढाच लाल गोल दिसला तर नमुना चांगला. थेंबावर थेंब चढवला की मध्ये गडद आणि कडेला फिकी अशी जी कडी दिसते, तो नमुना वाया गेलेला असतो.

वाळवणे हे घेण्याइतकेच महत्त्वाचे असते. कागद आडवा, एकमेकांना न चिकटता, उन्हापासून दूर तीन-चार तास ठेवावा आणि पूर्ण वाळल्यावरच ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा. मी हे पुस्तकात वाचले होते, आणि तरीही एका श्रावणात, पाच दिवस झड लागलेली असताना, गाडी निघायच्या घाईत अर्धवट वाळलेले बेचाळीस कागद एकावर एक ठेवून पाकीट बंद केले. प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा कागदांवर बुरशी धरली होती. त्या बेचाळीस बाळांपैकी एकोणतीस पुन्हा सापडली, बाकीच्यांच्या आया माहेरून सासरी गेल्या होत्या. तेव्हापासून माझ्या खोलीत कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची एक दोरी असते आणि पावसाळ्यात नमुना चोवीस तासांपूर्वी हलत नाही.

नावाचा घोळ बाहेरच्या संशोधकाला ठाऊक नसतो. बारशापर्यंत बाळाला नाव नसते, त्यामुळे कागदावर ‘अमुकचे बाळ’ असे लिहिले जाते, आणि एकाच दिवशी एकाच वॉर्डात तीन सुनीता असू शकतात. जुळी असतील तर पहिले आणि दुसरे यांत पुढे अदलाबदल होते. म्हणून प्रत्येक बाळाला क्रमांक द्यावा, तोच क्रमांक कागदावर, नोंदवहीत आणि लसीकरण कार्डावर लिहावा, आणि बाळाला रक्त चढवले गेले असेल तर तारखेसह टिपावे, कारण चढवलेले रक्त निकाल बिघडवते आणि अशा बाळाचा नमुना पुढे निदान तीन महिन्यांनी परत घ्यावा लागतो.

अहवाल वाचताना अक्षरांचा क्रम पाहावा, कारण ती अक्षरे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. एफ-ए असेल तर बाळ निरोगी, एफ-ए-एस असेल तर वाहक, फक्त एफ-एस असेल तर एसएस किंवा सिकल-थॅलेसेमियाचा तीव्र प्रकार, आणि एफ-एस-ए असेल तर थॅलेसेमियाचा सौम्य जोड असण्याची शक्यता. एफ-एस पाहून कागदावर ‘एसएस’ असे अंतिम लिहून मोकळे होऊ नये. आईवडिलांची तपासणी करावी आणि बाळाची पुन्हा एकदा, एक वर्षाच्या आसपास. उपचार मात्र त्या वाटेत थांबवू नयेत.

संमती आणि त्यापुढचे

संमतिपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे नाही. बाळंतीण दमलेली असते, सासू बाहेर बसलेली असते, आणि पांढरा कोट घातलेल्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची सवय कोणालाच नसते. शक्य असेल तर ही चर्चा गरोदरपणातल्या तपासणीच्या दिवशी करावी आणि बाळंतपणानंतर केवळ आठवण द्यावी. गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या घरात त्याच बोलीतल्या आशाताईंनी समजावावे आणि आपण शेजारी बसून ऐकावे. पुढे मूल सात वर्षांचे झाले की भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याची स्वतःची तोंडी संमतीही घ्यावी लागते आणि बाराव्या वर्षानंतर ती लेखी असते. दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात हे आधीच लिहून ठेवावे.

एक अवघड प्रसंग प्रत्येक अशा अभ्यासात येतो आणि बहुतेक संशोधक तो येईपर्यंत त्याचा विचार करत नाहीत. बाळ एफ-एस निघते, आई वाहक निघते आणि वडिलांच्या रक्तात एस नसतो. प्रथम नमुन्याची अदलाबदल आणि वडिलांतील थॅलेसेमिया या दोन शक्यता तपासाव्यात. तरीही उलगडा झाला नाही तर ती माहिती त्या बाईच्या संसाराची आहे, आपल्या प्रबंधाची नाही. वडिलांची तपासणी उपचारासाठी अपरिहार्य नसेल तर तिचा आग्रह धरू नये, निकाल एकत्र बसवून वाचू नयेत आणि आईशी आधी एकटीशी बोलावे. हा नियम आचारसमितीच्या अर्जातच घालावा, म्हणजे ऐन वेळी कनिष्ठ डॉक्टरवर निर्णय पडत नाही.

वाहक बाळांचे काय करायचे, हाही तसाच प्रश्न. वाहक हा आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, तो शेती, नोकरी, सर्व काही करू शकतो. परंतु ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द गावात पोहोचला की दहा वर्षांनी त्या मुलीच्या सोयरिकीत तो परत येतो, मुलाच्या बाबतीत सहसा येत नाही. म्हणून अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ असे कधीही लिहू नये, ‘वाहक, निरोगी’ असे लिहावे आणि निकाल घरी जाऊन सांगावा. सिकलसेलचा फलक लावलेली जीप कोणाच्याही दारात उभी करू नये. गावाला एवढे पुरते. निकाल सांगताना अर्धे आईकडून आणि अर्धे बाबांकडून आलेले आहे, हे वाक्य सासू आणि नवरा हजर असताना मोठ्याने म्हणावे, कारण दोष एकट्या सुनेवर टाकण्याची घाई घरात असतेच.

पुढच्या गरोदरपणाविषयी जोडप्याने विचारले तर माहिती द्यावी, सल्ला लादू नये. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेतील पेशींचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते, आणि 1994 चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा निदानाला परवानगी देतो. लिंग मात्र सांगता येत नाही.

दोन वर्षे

निदान झालेल्या बाळाला दोन महिन्यांपासून पेनिसिलीन सुरू करावे. अमेरिकेत 1986 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलीनने लहान मुलांतील गंभीर न्यूमोकोकल (न्यूमोकोकस जिवाणूचा) संसर्ग 84 टक्क्यांनी घटला आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेच्या आधी थांबवावी लागली. नवजात तपासणीला अर्थ आला तो या निकालामुळे. तीन वर्षांखालील बाळाला 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे 250 ची एक गोळी अर्धी-अर्धी करून. अकरा बाळांसाठी वर्षाला सुमारे चार हजार गोळ्या लागतात. त्या अभ्यास सुरू होण्याआधी कपाटात असाव्यात, कारण तालुक्याच्या दुकानात त्या नेमक्या हव्या तेव्हा मिळत नाहीत. फॉलिक ॲसिड द्यावे. न्यूमोकोकल लस राष्ट्रीय लसीकरणात 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने या वेळी असते, तिची नोंद स्वतः पाहावी. बाळ पांढुरके दिसते म्हणून लोहाचे औषध सरसकट सुरू करू नये, आधी कमतरता आहे का ते तपासावे. हायड्रॉक्सियुरिया या एचबीएफ वाढवणाऱ्या औषधाचा निर्णय अनुभवी तज्ज्ञाबरोबर, नियमित रक्ततपासणीची सोय असेल तेथेच घ्यावा.

औषधांहूनही जास्त वेळ मी आईच्या हातासाठी राखून ठेवतो. जमैकात आयांना पाणथरी चाचपायला शिकवल्यावर ती अचानक फुगून होणारे मृत्यू कमी झाले, आणि या उपायाला एक पैसाही लागत नाही. बाळ शांत असताना त्याला मांडीवर उताणे झोपवावे. आईच्या उजव्या हाताची बोटे सपाट ठेवून बेंबीच्या पातळीपासून बाळाच्या डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवावीत. टणक कड लागली तर ती बरगडीखाली किती बोटे आहे ते मोजावे. आपण पेनाने कडेवर रेघ ओढावी, आईला डोळे मिटून तीच कड शोधायला सांगावी, आणि तिला ती तीनदा सापडल्याशिवाय घरी पाठवू नये. निंदणी-वेचणीच्या दिवसांत बाळ आजीकडे असते, म्हणून आजीलाही शिकवावे. एका आजीने मला सांगितले होते, “काल दोन बोटं होती, आज चार हायेत, अन् पोरगं निजूनच राह्यलं.” तिच्याकडे हिमोग्लोबिनचा आकडा नव्हता, पण बाळाला वेळेत रक्त मिळाले. आपल्या मुलांत एचबीएफ जास्त टिकत असल्यामुळे पाणथरीही उशिरापर्यंत टिकते आणि हा धोका दोन वर्षांनंतरही राहतो, म्हणून शिकवणी परत परत घ्यावी.

ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. गडचिरोलीसारख्या भागात मलेरियाची तपासणीही सोबत. हात किंवा पाय अचानक सुजून बाळ रडत असेल तर ती मुरगळ किंवा नजर नव्हे, हेही आईला आधीच सांगून ठेवावे.

बाळे अभ्यासातून गळतात ती मुख्यतः पत्त्यामुळे. पहिले बाळंतपण माहेरी होते, नोंद माहेरच्या आशाताईंकडे होते, आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ दुसऱ्या तालुक्यात जाते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही पत्ते, दोन फोन आणि दोन्ही गावच्या आशाताईंची नावे लिहावीत. नंदुरबारकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांना जाण्याआधी चार महिन्यांच्या गोळ्या आणि बाळाचा आजार लिहिलेला कागद द्यावा, मराठीत आणि गुजरातीत. भेटी वेगळ्या न ठेवता लसीच्या दिवसांना जोडाव्यात, म्हणजे आईची मजुरी दोनदा बुडत नाही.

बाळ दगावले तर डॉक्टरने स्वतः घरी जावे, पंधरा दिवस जाऊ द्यावेत, वही लगेच उघडू नये. शेवटच्या आठवड्यात काय घडले हे शांतपणे ऐकून नंतर लिहावे.

लेखनाच्या वेळी न सापडलेल्या बाळांना जिवंत धरू नये. किती जिवंत, किती दगावली आणि किती सापडली नाहीत, हे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत. चाळीस घरांच्या पाड्याचे नाव छापू नये, तेथे एका एसएस बाळाचे घर सगळ्यांना ठाऊक होते. प्रबंध विद्यापीठात जमा करण्याच्या निदान तीन महिने आधी प्रत्येक बाळाची नोंद जिल्ह्याच्या सिकलसेल समन्वयकाकडे सोपवावी, बाळाला आणि आईला त्यांच्यासमोर एकदा बसवावे, आणि उरलेल्या गोळ्यांचा साठा मोजून सही घेऊन द्यावा.